एक पेटी, दोन बहिणी, तीन राज्यं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जिथून पुढे डांबर संपून जंगल सुरू होतं, तिथल्या एका वाडीत माझं आजोळ आहे. शेजारच्या घरात फळीवर एक पत्र्याची पेटी असते. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, दवाखान्यांचे केसपेपर, लसीकरणाचं एक फाटकं कार्ड, बँकेचं पासबुक, असं सगळं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्यात ठेवलेलं. गेल्या दिवाळीत मावशीनं ती माझ्यासमोर उघडली. (सख्खी मावशी नव्हे. आजोळच्या सगळ्याच बायका मावशी असतात.) धाकट्या मुलीचा भाग्यलक्ष्मीचा, म्हणजे सरकारनं तिच्या नावे ठेवलेल्या ठेवीचा, बाँड शोधायचा होता. बाँड लगेच सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेला. मी मात्र पुढचे दोन तास बाकीचे कागद वाचत बसलो.

मी बेळगावात अर्थशास्त्र शिकवतो. मानवी भांडवलाचा धडा दरवर्षी घेतो. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांसमोर अध्यक्षीय भाषणात सांगितलं की माणसाच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर होणारा खर्च उपभोगाच्या खात्यात मांडू नका, तो गुंतवणुकीच्या खात्यात मांडा. पुढे गॅरी बेकर यांनी त्याचं गणित बांधलं. शुल्ट्झना १९७९ मध्ये नोबेल मिळालं, बेकरना १९९२ मध्ये. एवढं माझी मुलं परीक्षेत बिनचूक लिहितात. पण ही गुंतवणूक प्रत्यक्षात कोण करतं, कुठे गळते आणि परतावा कुणाच्या दारात जातो, हे मला त्या पेटीसमोर बसल्यावर नीट दिसलं.

प्रकरण साधं आहे. एकच घर, तेच आईबाप, तेवढीच दीड एकर भातजमीन, तीच चूल. थोरली मुलगी १९९४ ची, धाकटी २००७ ची, मधे एक मुलगा. दोघी बहिणींत तेरा वर्षांचं अंतर, आणि त्या तेरा वर्षांत सरकार नावाची गोष्ट या वाडीपर्यंत बरीच जवळ आली. एका घरावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मलाही कळतं. थोरलीच्या वेळी आई कोवळी होती, धाकटीच्या वेळी शहाणी झाली होती, हाही फरक धरायला हवा. नावं देत नाही, गावाचंही नाही.

थोरली

थोरलीचा जन्म घरातच झाला, सुईणीच्या हातून. मूल सुखरूप आलं, पण वार पडल्यावर आईचं, म्हणजे मावशीचं, रक्त थांबेना. मावशी आजही सांगते, "खालचं गोणपाट दोनदा बदलल्यानी." ती वाचली. दोन महिने अंथरुणाला खिळून होती आणि थोरलीला गाईच्या दुधावर वाढवलं. जन्माचा कागद पेटीत नाही, कारण तेव्हा कुणी केलाच नाही. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं १ जून लिहिलं. आमच्या भागातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनलाच येतो.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती बेळगावची आहे आणि बेळगावकरांनाच माहीत नसते. बाळंतपणानंतरच्या अशा रक्तस्रावावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला येणारं माणूस लागतं. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायका. निम्म्यांना एएनएम नर्सनं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. गोळीला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांत ६.४ टक्क्यांना. २००६ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि गरीब देशांतल्या बाळंतपणाच्या चर्चेत बेळगावचं नाव गेलं. दर शंभरात बारा. हा आकडा मी वर्गात सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते गोणपाट असतं.

थोरली २००० साली पहिलीत बसली. वाडीतलीच मराठी शाळा, दोन खोल्या, दोन मास्तर. सुरुवातीला हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. ते अर्थातच सगळ्या घरात वाटले जायचे, तिच्या ताटात किती पडायचे ते देव जाणे. सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या नोव्हेंबरात शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला, आणि ती तिसरी-चौथीत असताना आमच्याकडे बिसी ऊट सुरू झालं. कन्नडमधला 'बिसी' म्हणजे गरम आणि 'ऊट' म्हणजे जेवण. शब्द मराठी शाळेतल्या पोरांनीही तसाच उचलला. त्या दिवसापासून तिच्या गैरहजेरीच्या लाल खुणा कमी झालेल्या असणार, पण हजेरीपट माझ्याकडे नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही.

सातवीचा दाखला २००७ चा आहे. तोच शेवटचा.

कर्नाटकात वरिष्ठ प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवी ते दहावी अशी जुनी मांडणी. म्हणजे मुलगी तेराव्या वर्षात, नेमकी वयात येते तेव्हा, तिची शाळा बदलते. हायस्कूल नऊ किलोमीटरवर, वाटेत नाला, आणि जून ते सप्टेंबर नाल्याला उतार मिळेल याची खात्री नाही. २००६-०७ पासून सरकारनं आठवीतल्या गरीब मुलींना फुकट सायकल द्यायला सुरुवात केली होती. योजना चांगलीच होती. पण सायकल आठवीत नाव घातल्यावर मिळायची आणि नाला त्याआधी लागायचा. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. वडील म्हणाले, बघूया पुढल्या वर्षी. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि गुरं राखत होती.

२०११ च्या वैशाखात तिचं लग्न झालं. अठरा पुरी व्हायला काही महिने होते. गावात कुणी हरकत घेतली नाही. घेतली असती तरी कुणाकडे घ्यायची, हा प्रश्नच होता. सासर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, डोंगराच्या पलीकडे. चालत गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचता येतं, पण राज्य वेगळं.

माहेरचं बाळंतपण

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो, म्हणून इथे जरा तपशिलात जातो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सीमाभागात तिचा अर्थ असा होतो की एका राज्यात दिवस गेलेली बाई सातव्या महिन्यात दुसऱ्या राज्यात येते. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्यात दिलेल्या मुली खानापूर-बेळगावकडे येतात, तिकडून आणलेल्या सुना पलीकडे जातात. सोयरिकीला सीमा कधी आडवी आली नाही. आडवी येते ती नोंदवहीला.

थोरलीची नोंद सासरच्या सरकारी दवाखान्यात झाली होती. तिथे तिला माता-बाल कार्ड मिळालं, मराठीतलं, पेटीत आहे. त्यावर हिमोग्लोबिन लिहिलंय ७.२. डॉक्टरांनी लोहाची इंजेक्शनं सुरू केली, ठरावीक दिवसांनी घ्यायची. दोन झाली. मग डोहाळजेवण, ओटीभरण, आणि ती माहेरी आली. इथल्या उपकेंद्रात गेली तेव्हा पहिल्यापासून नोंद. नवं कार्ड. कर्नाटकात त्याला थायी कार्ड म्हणतात, कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई. आमच्या बायका त्याला बिनदिक्कत 'ताई कार्ड' म्हणतात आणि मोठ्या बहिणीनं दिल्यासारखं जपतात. या कार्डावर हिमोग्लोबिनचा रकाना कोरा आहे. पुढच्या भेटीत तपासू असं ठरलं असणार. जुनं कार्ड तिनं दाखवलं का, हे मी विचारलं. "दाखवल्यं की. ते तिकडचं आहे म्हणाले." कुणी वाईट वागलं असं तिचं म्हणणं नाही. नर्सबाई चांगल्या होत्या, घरी येऊन गेल्या, गोळ्या दिल्या. पण अर्ध्यावर सुटलेल्या इंजेक्शनांचं पुढे काय करायचं, हे त्यांच्या वहीत कुठे लिहायची सोय नव्हती. त्यांच्या लेखी ही बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा उगवली.

मुलगा २०१३ च्या फेब्रुवारीत तालुक्याच्या दवाखान्यात जन्मला. वजन १ किलो ९०० ग्रॅम.

अडीच किलोच्या खालचं मूल कमी वजनाचं धरतात. दोन किलोच्या खालचं असेल तर पहिल्या काही महिन्यांत ऊब, दूध आणि वजन यांवर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तिसऱ्या महिन्यात थोरली बाळाला घेऊन सासरी गेली, आणि आता उलटं झालं. बाळाची जन्मनोंद कर्नाटकात, पहिल्या लशी कर्नाटकात, अंगणवाडी महाराष्ट्रात. तिथल्या वहीत नाव चढायला किती महिने गेले ते तिला आठवत नाही. कार्डावरच्या वजनाच्या आलेखात चार ठिपके आहेत, मग नऊ महिने काही नाही, मग पुन्हा एक ठिपका, लाल पट्ट्यात.

ते नऊ महिने मला फार महागडे वाटतात, आणि का वाटतात त्याला आधार आहे. ग्वातेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांना पूरक आहार दिला गेला. दोन गावांत 'अतोले' नावाची प्रथिनांची पेज, दोन गावांत नुसतं गोड सरबत. संशोधक तीसेक वर्षांनी परत गेले आणि त्या मुलांना शोधून काढलं. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला सुमारे ४६ टक्के जास्त कमावत होते. तीन वर्षांनंतर पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. दार एकदा बंद झालं की नंतरची पेज पोट भरते, एवढंच. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट क्वचित सांगितली जाते. पेज मिळालेल्या मुली शाळेत सरासरी एक इयत्ता जास्त शिकल्या, पण त्यांच्या मजुरीत तसा फरक पडला नाही. शरीर आणि डोकं तयार झालं, पण बाजारात त्यांच्यासाठी तसं काम नव्हतं.

थोरलीचा मुलगा आज सातवीत आहे. हुशार आहे, पाढे पाठ आहेत. वर्गात सर्वांत बुटका, म्हणून कवायतीला पुढे उभा करतात. थोरली काजूच्या कारखान्यात जाते. चंदगडात असे कारखाने पुष्कळ. सोललेल्या गरावर किलोच्या हिशेबानं मजुरी मिळते, म्हणजे बोटं जितकी चालतील तितके पैसे. दुपारनंतर तिची बोटं मंद होतात. "दम लागतोय" म्हणते. रक्त कमी असलेल्या बाईच्या हातून कमी काम होतं हे पुस्तकात वाचायला परिणाम म्हणून ठीक आहे. तिच्या बाबतीत तो आठवड्याच्या पगाराच्या पाकिटात दिसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षयाचं प्रमाण कर्नाटकात जवळपास ४८ टक्के होतं, महाराष्ट्रात ५४ टक्के. पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं दोन्ही राज्यांत ३५ टक्क्यांच्या आसपास. कुठलं राज्य बरं, या वादात इतर बाबतींत आमच्याकडे जीव जायची वेळ येते. या बाबतीत दोन्ही सारखीच.

बापाचा ताप

मधल्या मुलाबद्दल थोडक्यात. दहावीला गणितात गेला, पुरवणी परीक्षेला बसला नाही, आणि आमच्याकडची निम्मी पोरं जातात तसा गोव्याला गेला. आज तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो. त्याच्या दहा वर्षांच्या शाळेचा खर्च कर्नाटकानं केला, घाम गोव्यात गळतो.

बापही हंगामाला गोव्यातच जायचा. सत्तरी तालुक्यातल्या काजूबागांत मार्च ते मे खानापूरचे मजूर असतात, बोंडू वेचायला. २०१६ च्या उन्हाळ्यात या मजुरांमध्ये माकडताप निघाला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखलेला हा आजार गोचिडीतून माणसात येतो. पाचोळ्यात बसून बोंडू वेचणाऱ्याच्या अंगावर गोचीड चढणार नाही तर काय. बाप अठरा दिवस दवाखान्यात होता. उपचार गोव्यातल्या सरकारी इस्पितळात झाले आणि औषधाला पैसे लागले नाहीत. मग घर कशात बुडालं? बुडालेल्या मजुरीत, जाण्यायेण्यात आणि सोबतीला राहिलेल्या माणसाच्या जेवणात. एक म्हैस विकली. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे पडू लागले. दोन वर्षं उशिरा आजारी पडला असता तर कदाचित दुसरी म्हैसही गेली असती. गोव्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचंही चुकत नाही. त्यांच्या करदात्यांनी किती राज्यांच्या मजुरांचा भार उचलायचा? पण बागा त्यांच्या होत्या, हेही खरं.

ताप गेला तरी अशक्तपणा बाकी राहिला. बाप पुन्हा काजूला गेला नाही. त्या वर्षी धाकटी तिसरीतून चौथीत गेली. म्हशीबरोबर तिचं सकाळचं दूधही गेलं. शाळेतलं मात्र राहिलं, कारण तिच्या पहिलीच्या वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, सरकारनं क्षीरभाग्य सुरू केलं होतं. आठवड्यातून तीन दिवस, नंतर पाच दिवस, पावडरचं कोमट दूध. त्या वर्षी त्या पेल्याची किंमत काय होती ते कुठल्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

धाकटी

धाकटी प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मली, दूध नेणाऱ्या जीपमधून आईला नेलं. जननी सुरक्षेचे ७०० रुपये मिळाले. जन्मनोंद त्याच आठवड्यात झाली, कारण नोंद नसेल तर भाग्यलक्ष्मी नाही, हे नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं. ३१ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या गरीब घरच्या मुलींच्या नावे सरकार ठेव ठेवणार, अठरा पूर्ण झाल्यावर पैसे मिळणार. अटी अशा की लशी पुऱ्या हव्यात, मुलगी शाळेत हवी, अठराच्या आत लग्न नको. तोच हा पिशवीतला बाँड.

अर्थशास्त्राचा माणूस म्हणून या योजनेबद्दल मी साशंक होतो. अठरा वर्षांनी मिळणाऱ्या रकमेची आजच्या निर्णयात किंमत ती किती? पण मावशीनं सांगितलेल्या एका प्रसंगानं मी गप्प झालो. २०२३ मध्ये धाकटीला स्थळ आलं, मुलगा पुण्यात नोकरीला, सगळं चांगलं. दीर मागे लागले. मावशी म्हणाली, "बाँड मोडतंय. सरकारी कागद हाय, नंतर झंझट." दीर गप्प. मुलीला शिकवायचंय असं म्हटलं असतं तर घरात वाद झाला असता. सरकारी कागदाचं नाव घेतल्यावर कुणी काही बोललं नाही. रक्कम किती हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं. आईच्या हाती मानानं 'नाही' म्हणायला एक कारण आलं, त्याची किंमत मोठी.

सगळंच असं जुळलं नाही. धाकटी आठवीत गेली ते २०२०-२१ साल, शाळा बंद. आपल्या वाडीत रेंज नाही, टाकीवर चढलं तर एक कांडी मिळते. विद्यागम म्हणून मास्तर गावोगावी येऊन शिकवायचे, तेही मधे थांबलं. सायकलवाटपही त्या वर्षी झालं नाही. ज्या सायकलीपर्यंत थोरली पोचली नाही, ती धाकटीपर्यंत पोचली नाही. नाल्यावर आता पूल आहे, तेवढं बरं. अंड्याचीही तीच गत. २०२२-२३ मध्ये शाळेत अंडं सुरू झालं ते आठवीपर्यंतच्या मुलांना, तेव्हा ती दहावीत. दहावीपर्यंतच्यांना द्यायचं ठरलं २०२३ मध्ये, तेव्हा ती पास होऊन बाहेर. आता हसून सांगते, "आम्हाला केळंबी नाही."

लोहाच्या निळ्या गोळीची गोष्ट जरा गंभीर आहे. हायस्कूलमध्ये आठवड्याला एक गोळी मिळायची. रिकाम्या पोटी खाल्ली की मळमळायचं, आणि शी काळी होते म्हणून पोरी घाबरायच्या. "तोंडात धरून ठेवतो आणि मग गटारात टाकतो आम्ही," असं तिनं सरळ सांगितलं. रजिस्टरवर मात्र पन्नास मुलींपुढे पन्नास खुणा. म्हणजे तालुक्याच्या अहवालात ती गोळी तिच्या रक्तात गेली आहे. नर्सिंगला प्रवेश घेताना वैद्यकीय तपासणी झाली, हिमोग्लोबिन ९.१ निघालं. थोरलीपेक्षा बरं, पण हवं तेवढं, म्हणजे बारा, नाही. जेवणानंतर गोळी द्या, काळ्या शीबद्दल आधी सांगा, एवढंच करायचं होतं. यासाठी एक पैसाही जास्त लागला नसता.

आता जी बाजू सांगतो ती आमच्याकडे दोन्ही बाजूंना आवडणार नाही. थोरली मराठी वर्तमानपत्र घडाघडा वाचते, पण एसटीची कन्नड पाटी तिला ओळखूनच काढावी लागते. धाकटी मराठी माध्यमातलीच, पण कन्नड वाचते, लिहिते, पंचायतीत बोलते. वाडीतले अर्धे अर्ज तीच भरते. मराठी शाळा टिकली म्हणून ती समजून शिकली, आणि कन्नड आलं म्हणून ते शिक्षण दाराबाहेर चाललं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, मात्र दोन्ही अपुरं पडलं. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं निम्मं कन्नडमध्ये, पहिले सहा महिने ती वहीत नुसतं उतरवून घ्यायची. त्या सहा महिन्यांत वर्गातल्या चार मुलींनी कॉलेज सोडलं, चारही मराठी शाळांतून आलेल्या.

ती टिकली त्याला दोन कारणं ती स्वतःच सांगते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, ती त्याच महिन्यात पीयूसीला लागली. सकाळी पावणेसातची गाडी, दोन वर्षं. आणि ऑगस्टअखेर गृहलक्ष्मीचे दोन हजार आईच्या खात्यात यायला लागले. शिक्षण खात्याच्या हिशेबात या दोन्ही योजना नाहीत. एक परिवहनात, एक महिला व बालकल्याणात. निवडणुकीच्या काळात वर्तमानपत्रांत यांना रेवडी म्हटलं गेलं. मावशीनं त्यातले पंधराशे दर महिन्याला बाजूला काढले, आणि २०२५ मध्ये धाकटी कोल्हापूरजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला लागली.

कुणाच्या वहीत किती

जागतिक बँकेनं २०१८ पासून मानवी भांडवलाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली. आज जन्मलेलं मूल पूर्ण शिकलं आणि पूर्ण निरोगी राहिलं असतं तर जेवढं उत्पादक झालं असतं, त्याच्या किती प्रमाणात ते प्रत्यक्षात होईल, हा तो आकडा. २०२० मध्ये भारताचा होता ०.४९, म्हणजे जवळपास निम्मा. त्याचा एक भाग मला सर्वांत बोचतो. भारतातलं मूल अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ११.१ वर्षं शाळेत काढेल, पण तिथे प्रत्यक्ष जेवढं शिकतं त्या हिशेबानं ती वर्षं भरतात ७.१. चार वर्षं बाकावर बसून गेली. धाकटीच्या आठवीचं वर्ष, पीयूसीचे पहिले सहा महिने, हे त्यातच.

शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे माणसाची कमाई जगभरच्या अभ्यासांत सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढते, असं आमच्या विषयात मानलं जातं. बहिणींच्या शिक्षणात आजच पाचाहून जास्त वर्षांचं अंतर आहे. पण कमाई कुठे होणार? धाकटी आताच म्हणते की कोर्स झाला की पुणे, नाहीतर गोवा. कर्नाटकानं जन्म, लशी, दूध, बारा वर्षांची शाळा आणि बस दिली. महाराष्ट्रात ती शिकते आहे. गोव्यातल्या भावाच्या पगारातून फीचा हप्ता जातो. परताव्याची जेवढी पावती एखाद्या राज्याच्या हाती येईल ती त्याला तोट्याचीच दिसणार. म्हणून स्थलांतर करणाऱ्या मजुराला लस कुणी द्यायची, माहेरवाशिणीचं इंजेक्शन कुणी पुरं करायचं, असे प्रश्न निघाले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य विमा योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकातून हा आमच्या हद्दीत हस्तक्षेप आहे म्हणून विरोध झाला. महिनाभर सभा, घोषणा, बातम्या. त्या गदारोळात कार्डाचा विषय कुणी काढला नाही. एकाच बाईचा एकच नंबर दोन्हीकडच्या नर्सबाईंना दिसावा, बस्स. त्यात कुणाचा झेंडा खाली येत नाही. कोठारी आयोगानं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा म्हणून सांगितलं त्याला साठ वर्षं झाली. २०१७ च्या आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट होतं. ते व्हायलाच हवं, मी मोर्चातही गेलोय. पण या घराचे कागद बघता, पैसा जिथे पोचला तिथे त्यानं काम केलं. जिथे एका वहीतून दुसऱ्या वहीत जायचं होतं, तिथे तो सांडला: सातवीतून आठवीत, सासरहून माहेरी, रजिस्टरवरून पोटात.

भाऊबिजेला दोघी बहिणी घरी होत्या. धाकटीनं अंगणात थोरलीला उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून पाहिली. "अक्का, पांढरंफटक हाय गं." थोरलीनं तिचा हात झटकला, "तू आधी पास हो." मग दोघी चुलीपाशी गेल्या. थोरलीनं जाताना बाँडच्या झेरॉक्सचे वीस रुपये दिले, अर्ज दुसऱ्या दिवशी तालुक्याला पोचला.

थोरलीचा मुलगा जूनमध्ये आठवीत जाईल. त्याच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंतच आहे. हायस्कूल सहा किलोमीटरवर, आणि एसटीची सकाळची फेरी गेल्या पावसाळ्यापासून बंद. मामानं सायकलचे पैसे पाठवतो म्हणून सांगितलंय. चोवीस इंची बसेल की वीस, एवढंच ठरायचं आहे.